घडीवरचा आकडा

“पण चूक कुठं आहे, तेवढं तरी सांगा,” शर्वरी म्हणाली.

“चूक हाय असं कोण म्हणालं?” दस्तगीरचाचांनी ड्रॉइंगवरची नजर उचलली नाही.

“मग खूण का करत नाही?”

चाचांनी कागदावरून तळहात फिरवला.

प्लॉटर नुकताच थांबला होता. त्यातून निघालेला मोठा कागद टेबलावर पसरला होता आणि त्याच्या चारी कोपऱ्यांवर चाचांनी सळईचे चार तुकडे ठेवले होते.

ही खूण म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कराडच्या एसटी स्टँडमागच्या बोळात दस्तगीर मुलाणी यांचं प्लॉटिंगचं दुकान. इंजिनीअर लोक संगणकावर ड्रॉइंग करतात आणि मोठ्या कागदावर काढून घ्यायला इथं येतात. दुकान काढण्याआधी चाचा चाळीस वर्षं देशिंगकरांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. पातळ कागदावर शाईने रेघा ओढायच्या आणि चुकलं तर ब्लेडने खरवडायचं, असा तो काळ. संगणक आले तेव्हा लोक म्हणाले, चाचांची सद्दी संपली. चाचांनी पंचेचाळिशीत माउस हातात धरला आणि वर्षभरात त्याच लोकांना शिकवायला बसले.

तर, ड्रॉइंग पटलं की चाचा कोपऱ्यात हिरव्या शाईची एक टिकली देत. कायद्याच्या नजरेत तिला कवडीची किंमत नव्हती. पण ती असल्याशिवाय तालुक्यातला एकही ठेकेदार सळई कापायला घेत नसे, आणि खुद्द देशिंगकर सरही टिकलीशिवाय कागद साइटवर पाठवत नसत.

शर्वरी खोचीकर चार महिन्यांपूर्वी देशिंगकर सरांकडे लागली होती. एम.टेक. झालेली, सुवर्णपदक मिळवलेली. पदकाची गोष्ट तिने सांगितली नाही असा माणूस कचेरीत उरला नव्हता. पण पोरगी कामाला वाघ होती, हेही खरं.

भोरजाईवाडीची पाण्याची टाकी हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. चाळीस फुटी खांब, त्यावर टाकी. टाकीच्या तळाला वेढणारं काँक्रीटचं एक गोल कडं असतं, त्याला रिंगबीम म्हणतात. वरचं सगळं पाणी त्याच्या जिवावर उभं राहतं. त्या कड्याचं हे ड्रॉइंग.

सोमवारी चाचांनी ते परत केलं होतं. तोंडाने एक अक्षर नाही, नुसतं एका रेघेवर बोट ठेवलं. पडद्यावर तुटक दिसणारी रेघ कागदावर सलग उतरली होती. आत लपलेली सळई बाहेर असल्यासारखी दिसत होती.

मंगळवारी त्यांनी कागद भिंतीवर लावला, चार पावलं मागं सरकले आणि नुसते उभे राहिले. शर्वरीही शेजारी जाऊन उभी राहिली. तिथून तिचीच अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसली.

आज बुधवार. रेघा बरोबर होत्या, अक्षरं बरोबर होती, स्केल बरोबर होतं. तिने स्वतः सात वेळा तपासलं होतं.

सकाळी सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. “दुपारी दोनपर्यंत चाचांची टिकली पाहिजे. नाही झाली तर टाकी ऋत्विज बघेल,” एवढंच म्हणाले. ऋत्विज तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. वाईट नव्हता बिचारा, पण तिच्यासोबतच लागलेला होता, आणि दुखणं तेच होतं.

“चाचा, मी पाया पडते तुमच्या,” शर्वरी म्हणाली. “बोला काहीतरी.”

चाचांनी सळईचे तुकडे बाजूला केले.

शर्वरीने ड्रॉइंग गुंडाळून न्यायची प्लास्टिकची नळी पुढे केली. चाचांनी ती हातानेच मागे सारली आणि कागदाची घडी घालायला घेतली.

“अहो, चुरगळेल.”

“व्हय.”

उजवीकडून एक घडी, मग उलटी, मग पुन्हा सुलटी. प्रत्येक घडीवरून अंगठ्याचं नख फिरत होतं. चाचांचे हात इतके सफाईने चालत होते की रागातही शर्वरी बघत राहिली. टेबलभर कागदाची बघता बघता वहीएवढी चवड झाली. चाचांनी ती आणखी एकदा दुमडली आणि पँटच्या मागच्या खिशात कोंबली.

मग ते स्टुलावर बसले. त्या कागदावरच.

थर्मासमधला चहा त्यांनी दोन कपांत ओतला. एक तिच्याकडे सरकवला. आपल्या कपावर फुंकर घालत ते सावकाश प्यायला लागले.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले होते.

चाचांनी खिशातून कागद काढला. उघडला, पुन्हा घातला. उघडला, पुन्हा घातला. कपबशा विसळायच्या पाण्यात बोटं बुडवून घड्यांवरून फिरवली. खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ तळहातावर घेतली आणि तीही चोळली. साइटवर कागदाचे जे हाल दोन महिन्यांत होतात, ते त्यांनी दहा मिनिटांत उरकले.

शर्वरीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तीन रात्री जागून केलेलं काम हा माणूस पोतेरं करून टाकतोय, आणि आपण शेजारी बसून चहा पितोय.

चाचांनी तो कागद तिच्यापुढे पसरला.

“वाच.”

“काय वाचू?”

“तू आता सळया बांधणारा फिटर हायस. चाळीस फुटांवर, फळीवर उभी. सळया आडव्या पडल्यात, त्यांच्याभोवती लोखंडी रिंगा बांधायच्यात. किती किती अंतरावर?”

“दीडशे मिलिमीटर.”

“कागद बघून सांग.”

तिने पाहिलं. “दीडशे.”

“कुठं लिहिलंय? बोट ठेव.”

शर्वरीने बोट नेलं... आणि ते मध्येच थांबलं.

आकडा नेमका घडीवर आला होता. तिथं कागदाचे पांढरे तंतू वर आले होते. डावीकडे एक होता, उजवीकडे शून्य होतं. मधला पाच गेला होता.

“इथंच होता,” ती म्हणाली.

“आत्ता वाचलंस की. दोनदा.”

“मला माहितीये ना, चाचा. मीच तर काढलंय.”

“तुला माहिती हाय.” चाचांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “त्याला?”

शर्वरीने पुन्हा त्या घडीकडे पाहिलं. एक आणि शून्य यांच्यामध्ये कुणीही काहीही वाचू शकलं असतं. वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाने एकशेऐंशी वाचलं असतं आणि तेवढ्या अंतराने रिंगा बांधल्या असत्या. त्यावर काँक्रीट पडलं की बघायला कुणी आत जात नाही. वर लाखभर लिटर पाणी, खाली टाकीच्या सावलीत खेळणारं गाव.

पण सुवर्णपदक इतक्या लवकर हार मानत नसतं.

“लॅमिनेट करून देते. मग घडीच पडणार नाही.”

“म्हणून तर फिटर ते खाली शेडमधी ठेवतो. एका आकड्यासाठी चाळीस फूट कोण उतरतंय?”

“मग मोबाइलवर पाठवते. मोठं करून बघता येईल.”

“एका हातात सळई, दुसऱ्या हातात तार बांधायचा हूक.” चाचांनी दोन्ही हात तसे धरून दाखवले. “मोबाइल कुठं धरू, सांग.”

ती हसली. हसायचं नव्हतं, तरी हसली.

“मग मी काय करू?”

चाचा संगणकापुढच्या आपल्या खुर्चीकडे गेले. ती फिरवून शर्वरीकडे केली. आणि दाराशी जाऊन उभे राहिले...

शर्वरी त्या खुर्चीत बसली.

आधी तिने फक्त तो एक आकडा बाजूला सरकवला. मग थांबली. उठून तो मळका कागद घेऊन आली, त्यावर पट्टी ठेवली आणि उजव्या कडेपासून एकेक घडी मोजत गेली. ड्रॉइंगमध्ये तिने एक नवा थर उघडला. त्या थरात, जिथं जिथं घडी पडणार होती तिथं तिथं, जांभळी रेघ ओढली.

चाचा पाठीमागे येऊन उभे राहिल्याचं तिला कळलं नाही.

“ह्या कसल्या रेघा?”

“घड्या आहेत. पडद्यावर दिसतील. कागदावर येणार नाहीत, हा थर छापायचाच नाही असं सांगून ठेवलंय.”

चाचा वाकले. बराच वेळ त्या जांभळ्या रेघांकडे बघत राहिले.

“चाळीस वर्षं मी ह्या मनात धरून काढत आलो,” ते म्हणाले. “संध्याकाळी डोकं ठणकायचं.”

मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पदक गळ्यात पडलं तेव्हाही शर्वरीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

घड्यांवर एकूण अकरा आकडे निघाले. एक सरकवला की दुसऱ्याची दाटी होई. आकडा हलवला तरी त्याचा बाण जागच्या सळईलाच लागला पाहिजे. सरळ दिसणाऱ्या कामाने तिचा घाम काढला. आणि हे अकराच्या अकरा आकडे चाचांनी सकाळी कागदावर नुसती नजर टाकून हेरले होते, हे तिला काम करता करता समजलं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची मोठी विद्या उशिरा दिसते, पण दिसली की मग डोळ्यापुढून हलत नाही. तिने मान वळवून एकदा चाचांकडे पाहिलं.

पुन्हा प्लॉटर सुरू झाला. चाचा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

“आता खांब... आता कड्याची बाहेरची रेघ,” ते म्हणाले. “आता रिंगा चालल्यात.”

शर्वरीने प्लॉटरच्या काचेतून पाहिलं. रिंगाच चालल्या होत्या.

कागद बाहेर आला तेव्हा पावणेदोन झाले होते. चाचांनी तो वाचला, वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. मग घडी घातली. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या घडी घातलेल्या ड्रॉइंगांची चवड टेबलावर होती, तिच्यावरच तो टेकवला आणि खिशातून हिरवं पेन काढलं.

टोपण निघालं. पेन कोपऱ्यावर आलं.

“थांबा,” शर्वरी म्हणाली.

चाचा थांबले.

तिचे डोळे त्या चवडीवर होते. घडी घातली की ड्रॉइंगचा उजवा खालचा चौकोनच तेवढा वर राहतो. चवडीतल्या प्रत्येक कागदाचा तो चौकोन वर होता. तिच्या कागदाच्या चौकोनात ठळक, जाड अक्षरांत लिहिलं होतं: शर्वरी खोचीकर, एम.टेक. त्याच्याभोवती दुहेरी चौकट. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत: रिंगबीम, पान चार.

टाकीची एकूण सहा पानं. सहाही पानांच्या घडीवर हेच नाव दिसणार. ते बारीक अक्षर फळीवर उभ्या माणसाला दिसणार नाही; चौथं पान हवं असेल तर त्याने वाऱ्यात सहाच्या सहा घड्या उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या.

“मला एकदा परत द्या, चाचा.”

“दोन वाजत आलेत.”

“माहितीये.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सर होते.

“झाली का टिकली?”

शर्वरीने चाचांच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. टोपण अजून उघडंच होतं. कागद आणि पेन यांत बोटभर अंतर होतं. ‘झाली’ म्हणायचं आणि चाचांकडे बघून मान डोलवायची, एवढंच काम होतं.

“नाही सर,” ती म्हणाली. “एक दुरुस्ती राहिलीये. वीस मिनिटं द्या.”

“मी दोन म्हणालो होतो.”

“हो सर.”



“टाकी ऋत्विजकडे दे मग. हे पान पूर्ण करून त्याच्या नावाने पाठव. पुढचे साइटचे फोन त्यालाच घ्यायचेत.”

फोन बंद झाला.

शर्वरीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही आणि पुसलंही नाही. तीन रात्री, अकरा आकडे, जांभळ्या रेघा, सगळं एका वाक्यात दुसऱ्याचं झालं होतं. ती चाचांकडे वळली.

“तुम्ही टिकली देणारच होता ना?”

“होतो.”

“मग त्या चौकोनातलं तुम्हाला दिसलं नव्हतं?”

“सोमवारीच दिसलं.”

“सांगितलं का नाही?”

चाचांनी पेनाला टोपण लावलं.

“बाकीचं दाखवता येण्यासारखं होतं,” ते म्हणाले. “हे तुझं तुलाच दिसायला पाहिजे होतं.”

शर्वरी डोळे मनगटाने पुसून खुर्चीत जाऊन बसली. दुहेरी चौकट काढून टाकली. जिथं तिचं नाव होतं तिथं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, की बोळाच्या तोंडाशी उभं राहूनही वाचता यावं: पान चार, रिंगबीम. खाली कोपऱ्यात ‘रेखाटन’ म्हणून एक लहानशी जागा उरली. तिथं नाव घालायचं होतं. ऋत्विजचं नाव लिहायला तिचा हात होईना, स्वतःचं लिहायला मन होईना. तिने ती जागा मोकळी सोडली आणि ड्रॉइंग प्लॉटरला छापायला दिलं.

या वेळी चाचांनी कागद वाचला नाही. तो प्लॉटरमधून निघाला तसा त्यांनी घडी घालायला शर्वरीकडे दिला.

तिने घडी घातली. उजवीकडून एक, मग उलटी, मग सुलटी. दोन घड्या वाकड्या झाल्या, त्या चाचांनी उलगडून तिच्याकडूनच पुन्हा घालून घेतल्या. ‘पान चार, रिंगबीम’ वर आलं. एकही आकडा घडीत सापडला नाही.

चाचांनी हिरवं पेन काढलं आणि कोपऱ्यात टिकली दिली.

दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

शर्वरी त्या टिकलीकडे बघत राहिली. तिची पहिली टिकली, आणि कागद तिचा नव्हता. तरी छातीत काहीतरी भरून आलं होतं आणि ते दुःख नव्हतं, एवढं तिला नक्की कळत होतं. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि चौकोनातल्या मोकळ्या जागेवर धरलं.

“चाचा... इथं नाव कुणाचं लिहू?”

चाचांनी घडीवरून एकदा नख फिरवलं आणि कागद तिच्या हातात दिला.

“टाकी पाण्यानं भरू दे,” ते म्हणाले. “मग तिलाच विचार.”